दुरडी दारापर्यंत नेताना

जळगावात राहून गिफ्ट बास्केटचा धंदा करायचा म्हणजे सगळ्यात आधी चॉकलेटवर पाणी सोडायचं. निदान होळीपासून मृग लागेपर्यंत तरी. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळायला लागतं आणि मे महिन्यात आमच्या जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या वर जातो. पुण्या-मुंबईच्या बास्केटचे फोटो मोबाईलवर दाखवत गिऱ्हाईक येतं, "ताई, अगदी अशीच पाहिजे," म्हणतं. मी स्पष्ट सांगते की अशी बनवून देईन, पण समोरच्याच्या हातात ती अशी पडणार नाही. आणि मला जे जपायचं आहे ते समोरच्याच्या हातात काय पडतं तेच आहे.

म्हणून आमच्या दुरडीत आमच्याकडचंच असतं. केळीचे वेफर्स, उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, शेंगदाण्याची चिक्की, काळा मसाला, नंदुरबारची मिरची कुटून, नवापूरची तूरडाळ. दुरड्या मी बुरुडांकडूनच घेते. बांबूची दुरडी रिकामी झाली तरी घरात कांदे-लसूण ठेवायला राहते, सात-आठ वर्षं कुठे जात नाही. खाली थर्माकोल घालत नाही. माझे आजोबा सावद्याला केळीच्या मालावर होते, स्टेशनवर वॅगन भरताना तळाला केळीची वाळलेली पानं कशी अंथरायचे ते मी लहानपणी त्यांच्याकडून ऐकलंय. तीच पानं मी आणते, कडक उन्हात खणखणीत वाळवते, झटकते आणि दुरडीत पसरते. लोणच्याची बरणी तळाला, झाकणावर टेप मारून आणि पिशवीत बांधून. पापड सगळ्यात वर. पिकलेली केळी वेफर्सच्या दुरडीत कधीच ठेवायची नाहीत. केळ्यातून जो वायू सुटतो त्यानं शेजारचं फळही भराभर पिकतं, आणि काळं पडलेलं केळं सगळ्या दुरडीची शोभा घालवतं. खाण्याच्या प्रत्येक पाकिटावर वजन, पॅकिंगची तारीख आणि माझा एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक असतो. घरगुती माल आहे, म्हणून तारीख नको, असं मला चालत नाही.

पण ही झाली दुरडी भरायची गोष्ट. ती हौसेनं कोणीही शिकतं. खरं काम सुरू होतं ती घराबाहेर पडल्यावर. या धंद्यात पैसे देणारा एक असतो आणि दार उघडणारा दुसरा. दार उघडणाऱ्यानं मला कधी पाहिलेलं नसतं, त्यानं काही मागवलेलं नसतं. त्याच्यासमोर उभा असतो तो माझा भाचा, गाडीवरून उतरलेला, हातात दुरडी घेऊन. त्या दोन मिनिटांत तो सुरतेच्या भावाच्या, पुण्याच्या मुलीच्या जागी उभा असतो. म्हणून दारात पैसे घ्यायचे नाहीत, कधीच नाहीत. पूर्ण रक्कम आधी येते. बिल दुरडीत जात नाही, पाठवणाऱ्याच्या मोबाईलवर जातं. किंमत विचारली तर "मला माहीत नाही हो, ताईंना माहीत" एवढंच. फोटो काढायचा तो ओट्यावर ठेवलेल्या दुरडीचा, माणसाचा नाही. समोरच्यांनी स्वतः सांगितलं तरच माणसाचा. एखादी माउली न्हाऊन ओल्या केसांनी दारात आलेली असते, तिचा फोटो कोणाच्या स्टेटसवर कशाला जावा?

पत्त्याचं म्हणाल तर शहरात प्लॉट नंबर असतो, खेड्यात पाटील असतो. फैजपूर-सावद्याकडे गेलात तर चौधरी आणि पाटील हाकेला ओ देतील तितके. त्यामुळे ऑर्डर घेताना मी आडनावावर थांबत नाही. वडिलांचं नाव, घरी काय म्हणतात, आप्पा की नाना की तात्या, घर मारुतीच्या पाराकडून की चावडीकडून, सगळं वहीत लिहून घेते. मॅपवरचा टिंब गावाच्या वेशीपर्यंत आणतो. पुढे पारावर बसलेल्या आबांना विचारावं लागतं, आणि तेही गाडी बंद करून, खाली उतरून, रामराम करून. गाडीवरूनच ओरडून विचारलं तर कोणी नीट सांगत नाही, आणि का सांगावं?

वेळेचंही तसंच. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. भर दुपारी कोणाचं दार वाजवायचं नाही, माल तापतो आणि माणसाची झोपही मोडते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर जास्तच सांभाळावं लागतं. सासरी असलेल्या लेकी आखाजीला माहेरी येतात, झोक्यावर गाणी म्हणतात, हा आमच्याकडचा मोठा सण. पण घरात कोणी आजारी, कोणाची परीक्षा, म्हणून एखादीला जमत नाही. मग भाऊ आमच्याकडून सांजोऱ्या, रसाचे आंबे आणि बांगड्या पाठवतो. बांगडीचं माप भावाला ठाऊक नसतं, ते वहिनीला फोन करून विचारावं लागतं. आखाजीच्या दिवशी घरोघरी पितरांची घागर भरलेली असते, पूजा आणि नैवेद्य चाललेला असतो. म्हणून ही दुरडी आम्ही आदल्या संध्याकाळीच पोचवतो. अमळनेरजवळच्या एका गावात भाच्यानं दुरडी पुढे केली तर त्या ताईनं आधी दुरडीकडे पाहिलंच नाही. "मना भाऊनी धाडं का?" एवढंच विचारलं. भाच्यानं हो म्हटलं, तेव्हा कुठे दुरडी हातात घेतली.

एका प्रसंगाबद्दल लिहायलाच हवं. वाढदिवसाची दुरडी होती, वर रिबीन, फुगे. भाचा गल्लीच्या तोंडाशी पोचला तर दाराबाहेर चपलांचा ढीग, बाया डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. तो तिथूनच मागे फिरला. कोणाला काही विचारलं नाही, दुरडी दिसणार नाही अशी गाडी लांब नेऊन उभी केली आणि मला फोन केला. पाठवणारी त्या घरातल्यांची मैत्रीण, नागपूरला. तिला काहीच कळलेलं नव्हतं. ती बातमी तिला सांगायची वेळ माझ्यावर आली. खूप वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, "ताई, ती दुरडी परत न्या, पैसे राहू द्या." पैसे मी ठेवले, हिशोबात तिच्या नावावर. तेरावं झाल्यावर तिला विचारून साधी फळं आणि तिनं हातानं लिहिलेली चिठ्ठी त्या घरी पाठवली, रिबीन नाही, जरीचा कागद नाही. भाच्यानं त्या दिवशी दारात जाऊन "पार्सल आहे, सही करा" म्हटलं असतं तर? नियम म्हणून ते बरोबरच ठरलं असतं. मला त्याचा फार अभिमान वाटला आणि मी त्याला तसं सांगितलंही.

हिवाळ्यात मात्र काम हसरं असतं. तेव्हा भरिताची दुरडी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्याआधीपासून बामणोदची वांगी म्हटली की पुण्यातला खान्देशी माणूस हळवा होतो. ही वांगी हिरवट-पांढरी, अंगानं नाजूक, जरा घासली की डाग पडतो. देठ ठेवून एकेक कागदात गुंडाळायची, सोबत हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजायचं सुख पुण्यात नाही, गॅसवर भाजा म्हणून लिहून देते. दुरडी रात्रीच्या लक्झरीनं जाते. क्लीनरच्या हातात देताना गाडीचा नंबर, त्याचा मोबाईल आणि उतरायचा स्टॉप मी घेणाऱ्याला लगेच कळवते, कारण पहाटे अंधारात रस्त्यावर उभं राहायचं ते त्याला. सकाळी पुन्हा माझा फोन जातो, मिळाली का म्हणून. मिळाली असं त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत ऑर्डर पूर्ण झाली असं मी वहीत लिहीत नाही.

घरपोच खर्च मी वेगळा आणि आधीच सांगते. "ताई, इथंच तर आहे, त्याचे काय पैसे?" असं ओळखीचेच जास्त म्हणतात. पेट्रोल आहे, गाडीची झीज आहे, आणि भाचा नात्यातला असला तरी त्याला महिन्याचा पगार आहे. तो सणाच्या आधी त्याच्या हातात पडलाच पाहिजे.

या दिवाळीला यावल रस्त्यासाठी अजून एक मुलगा हवा आहे. गाडी चालवणारे पुष्कळ येतात. मी त्यांना एकच विचारते. दारात एखादी जिजी म्हणाली, "बस भाऊ, च्या घे," तर काय करशील? चहाला "पुढच्या खेपेला नक्की" म्हणायचं, कारण मागे अजून घरं थांबलेली असतात. पण पाणी नाकारायचं नाही. दुरडी आधी खाली ठेवायची, दोन्ही हातांनी तांब्या घ्यायचा, पाणी प्यायचं, आणि मग पुढच्या घराला फोन लावायचा.