धक्क्यावरच्या एकचाकी गाड्या

गेल्या बुधवारी सुट्टी टाकली, नवऱ्याला ऑफिस होतं, लेकीला शाळा, आणि मी एकटीच बोटीने बेटांवर जाऊन आले. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "एकटीच? कशाला गं?" तेव्हा तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहतो. गाड्यांच्या कंपन्या आणि आयटीमुळे इथे पुण्याकडची बरीच मंडळी आहेत आणि जवळपास सगळेच एकदा तरी शहरालगतच्या समुद्रातल्या या दक्षिणेकडच्या बेटांवर जाऊन येतात, पण जुलैमध्ये, चार कुटुंबं मिळून, डबे-चटया घेऊन. मीही तशीच दोनदा गेलेय. मजा येते, पण बेट काही बघून होत नाही. यावेळी ठरवलं होतं सप्टेंबरमध्येच जायचं, शाळा सुरू झाल्या की गर्दी ओसरते.

11 नंबरची ट्राम साल्टहोल्मेनला संपते आणि उतरलं की समोरच धक्का. ट्रामचंच तिकीट बोटीत चालतं. तिथल्या लोकांसाठी बोट म्हणजे आपली एसटी, शाळा-नोकरी-बाजारहाट सगळं त्यावरच. माझ्यासमोर एक आजी बसल्या होत्या, पायाशी कुंडीसकट गुलाबाचं रोप, बोट हलली की हाताने फांदी धरायच्या. शोपस्टाडसो नावाच्या छोट्या बेटावर बोट लागली तेव्हा त्या उतरल्या, आणि तिथे धक्क्यावर एकचाकी ढकलगाड्यांची रांगच्या रांग उभी, आपल्याकडे बांधकामावर सिमेंट वाहायला असतात ना तशाच, कुणाची हिरवी, कुणाची गंजलेली. आजींनी त्यातली आपली ओढून काढली, कुंडी मध्ये ठेवली, ती डुगडुगू नये म्हणून बाजूला स्वतःचा कोट गुंडाळून खोचला आणि निघाल्या चढावरून घराकडे. मी बोटीच्या काचेला नाक लावून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत होते.

या बेटांवर कुणी स्वतःची कार ठेवत नाही. मोठ्या बेटांवर मोपेड दिसतात, तीनचाकी, पुढे लाकडी हौदा असलेल्या, त्यात किराणा, लाकडं, कधी पोरंसुद्धा. बाकी सायकल आणि पाय.

मी शेवटच्या स्टॉपला उतरले, व्रॉन्गोला. पाऊण तास लागला असेल. वस्ती असलेलं हे सगळ्यात दक्षिणेचं बेट, बंदराभोवती पांढरी लाकडी घरं, आणि गावाच्या दोन्ही बाजूंना राखीव निसर्ग. हिमयुगातल्या बर्फाने घासून गुळगुळीत केलेले राखाडी खडक, त्यांच्या फटींमध्ये हेदर नावाची जांभळी झुडपं फुललेली, खाली पाण्यात लालसर जेलीफिश (त्या चावतात, म्हणजे त्यांचे धागे लागले की आग होते, म्हणून पाय घातले नाहीत). खडकावर बसून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिथे बसल्यावर लक्षात आलं की मला खूप बारीक बारीक आवाज येताहेत, कुणाच्या तरी अंगणात झेंड्याच्या काठीवर दोरी आपटत होती, तो टक टक आवाज गावातून इथपर्यंत येत होता. घरी खिडकी बंद असतानाही रस्त्याचा जो घुं असा आवाज असतो तो नसला की कान मोकळे होतात.

माझं माहेर नेरळचं आणि मावशी माथेरानला, त्यामुळे ही शांतता मला ओळखीची आहे. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबल्या की पुढे लाल माती, घोड्यांच्या टापा आणि माकडं. मला लहानपणी वाटायचं सगळ्या जगात माथेरान एकच असं आहे. पण एक फरक मला या वेळी फार जाणवला. माथेरानला गाडी नाही म्हणजे आपलं ओझं दुसरं कुणीतरी वाहतं, डोक्यावरून नाहीतर घोड्यावरून, आणि माणसाला माणूस हातरिक्षात बसवून ओढायचा. 2025 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने त्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं, फक्त ओढणाऱ्यांच्या हाताला काम राहायला हवं. इथे ज्याचं ओझं तोच ढकलतो. आजींची कुंडी आजींनीच नेली. गाडी नसलेलं गाव असं असावं असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट ऐकून मात्र नवल वाटलं, 1990 च्या दशकापर्यंत हा सगळा भाग लष्कराच्या ताब्यातला संरक्षित भाग होता आणि परदेशी माणसाला इथे मनासारखं फिरता यायचं नाही. म्हणजे माझ्यासारख्या परदेशी बाईला तेव्हा त्या खडकावर धपाटे खायला बसताच आलं नसतं.

परतताना डोन्सोला उतरले. एवढंसं बेट, पण मोठमोठे टँकर चालवणाऱ्या जहाज कंपन्या इथल्या आहेत, पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी माणसं. तिथून पूल ओलांडला की स्टिर्सो, चालतच जाता येतं. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण "हेय" म्हणतो, शहरात कुणी म्हणत नाही हो, तिथे नजरसुद्धा चुकवतात. पायी असलं की तोंडासमोर तोंड येतंच, मग बोलावं लागतं. एका कुंपणापाशी खोक्यात सफरचंदं ठेवलेली, घ्या म्हणून चिठ्ठी, मी दोन घेतली, एक तिथेच खाल्लं, दुसरं लेकीसाठी पर्समध्ये.

आई जूनमध्ये येतेय. तिचे गुडघे दुखतात, व्रॉन्गोचे खडक तिला झेपणार नाहीत, पण पुलाच्या बाजूचा रस्ता बराचसा सपाट आहे. बोटीत तिला डावीकडच्या खिडकीत बसवणार, म्हणजे शोपस्टाडसोचा धक्का नीट दिसेल.