अंतिम मुदत: आज सायंकाळी पाच

सोमवार

दुपारी साडेतीनला अधिष्ठाता कार्यालयातून पत्र आलं. वर 'तात्काळ', खाली माहिती पाठवायची मुदत आजचीच, सायंकाळी पाच. मूळ पत्र निघून पंधरवडा उलटलेला. मधल्या काळात ते कुणाच्या टेबलावर झोपलं होतं हे आपल्याकडे विचारायची पद्धत नाही. फोटो काढला, अध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली 'सर्वांनी कृपया नोंद घ्यावी' लिहिलं.

मेडिकल एज्युकेशन युनिटची समन्वयक झाल्यापासून अध्यापकांसाठी येणारं सगळं माझ्या हातून पुढे जातं. कार्यशाळा, फेलोशिप, अनुदानं, परिषदा, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे म्हणजे एनएमसीचे नवे नियम. फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकवायला आले आणि टपालखातं सांभाळत बसले. पण या टपालातून कॉलेज जसं दिसतं तसं ते कुठल्याही मीटिंगमध्ये दिसत नाही. सर्जरी आणि मेडिसिनवाले पत्र उघडतही नाहीत, त्यांची ओपीडी दोनपर्यंत संपली तरी नशीब. ज्येष्ठ प्राध्यापक नुसता अंगठ्याचा इमोजी टाकतात. दरवेळी खरोखर अर्ज करणारी माणसं तीच ती, बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांना बातमी बहुधा माझ्या आधीच कळलेली असते.

मग रात्री नऊनंतर वैयक्तिक मेसेज सुरू होतात. ग्रुपवर कुणीही न विचारलेला एकच प्रश्न: "मॅडम, कंत्राटी चालतं का?"

हे विचारणारी मुलं-मुली एमडी, एमएस झालेली असतात. वर्गावर जातात, प्रॅक्टिकल घेतात, जर्नल तपासतात, परीक्षेत सुपरव्हिजन करतात. हातात ३६४ दिवसांची ऑर्डर, मग एका दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा ऑर्डर. एमपीएससीची जाहिरात निघेपर्यंत असंच. ग्रुपवर विचारलं तर आपण कंत्राटी आहोत हे चारचौघांत पुन्हा सांगितल्यासारखं होतं, म्हणून रात्री नऊनंतर.

मंगळवार

आजचं टपाल आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं. बाहेरच्या संस्थांना मिळणाऱ्या अनुदानात 'स्मॉल ग्रँट' म्हणजे दोन कोटींपर्यंत. दोन कोटी आणि स्मॉल! आमच्या विभागातल्या प्रिंटरचा ड्रम बदलायचा प्रस्ताव तीन सह्यांवर अडकलाय, त्या पार्श्वभूमीवर हे वाचताना हसू आलं. २०२४ मध्ये त्यांनी 'फर्स्ट इन द वर्ल्ड चॅलेंज' जाहीर केलं होतं, म्हणजे जगात अजून कुणी केलं नाही असं काही सुचवा. ते पत्रही मी इमानेइतबारे ग्रुपवर टाकलं होतं. एका ऑर्थोपेडिकवाल्या सरांनी उत्तर दिलं, 'आधी सी-आर्म एक्स-रे यंत्र दुरुस्त करा, आमच्याकडे तेच जगात पहिलं ठरेल.'

थट्टा बाजूला ठेवते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजातून चांगला प्रस्ताव जात नाही याचं कारण डोकं कमी हे नाही. प्रस्ताव लिहायला सलग दोन-तीन आठवडे लागतात, आधीचा थोडा डेटा लागतो, संख्याशास्त्र जाणणारं माणूस लागतं, आणि मुख्य संशोधक नियमित नोकरीतला लागतो. आमच्या विभागात प्रस्ताव लिहायची सगळ्यात जास्त तयारी कुणाची असेल तर ती आमच्या कंत्राटी सहायक प्राध्यापिकेची. बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स, बीसीबीआर, जो चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था ऑनलाइन चालवते, तो तिने आल्याआल्याच करून टाकला. व्हिडिओ घरी बघायचे, असाइनमेंट वेळेत भरायच्या आणि परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यायची. ती एसटीने दुसऱ्या गावाला जाऊन देऊन आली. आमच्यातले काही नियमित लोक तोच कोर्स बढतीची फाईल अडली तेव्हा धावतपळत करतात. केस-कंट्रोल आणि कोहोर्ट या दोन प्रकारच्या अभ्यासांतला फरक तिला आज विचारा, झोपेतून उठवून विचारा, सांगेल.

तिला मी काय सांगितलं? मुख्य संशोधक म्हणून नाही, पण माझ्याबरोबर सह-अन्वेषक म्हणून ये. ती 'बरं' म्हणाली. तिचं 'बरं' मला आता ओळखता येतं, त्यात होकार कमी असतो.

बुधवार

कँटीनमध्ये पुन्हा तोच वाद, जुलै २०२५ पासून संपत नाहीये. एनएमसीच्या अध्यापक पात्रतेच्या नव्या नियमांनुसार २२० किंवा त्याहून जास्त खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षं काम केलेला पदव्युत्तर तज्ज्ञ थेट सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. तिथे दोन वर्षं काढलेला तज्ज्ञ सीनियर रेसिडेन्सी, म्हणजे एमडीनंतरची निवासी डॉक्टरकी, न करताही सहायक प्राध्यापक होऊ शकतो, मात्र दोन वर्षांत बीसीबीआर पूर्ण करायचा. आमच्या विषयात आणि मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी-पीएचडी झालेल्यांनाही वाट मिळाली. नॉन-क्लिनिकल विभागांत सीनियर रेसिडेंटची वयोमर्यादा पन्नास झाली.

सगळे तावातावाने बोलत होते. आम्ही चार-चार वर्षं सहायक म्हणून घासली, पेपर लिहिले, कार्यशाळा केल्या, आणि आता जिल्हा रुग्णालयातला माणूस सरळ आमच्या शेजारच्या खुर्चीत? राग मला कळतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एका दिवसात दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं: गडचिरोली, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, जालना, भंडारा, अमरावती, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबई. दहा ठिकाणी शिकवायला माणसं आणायची कुठून हा प्रश्न खरा आहे. नियम शिथिल करून कागदावरचे अध्यापक वाढतील, वर्गातले नाही, ही भीतीही खरी आहे.

पण मी उलट्या बाजूने बोलले, आणि माझ्याकडे उदाहरण आमच्याच विषयातलं होतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुलं दगावायची. हृदयाचे ठोके, रक्तदाब, हातापायांचा थंडपणा, फुफ्फुसात भरणारं पाणी हे सगळं त्यांनी रात्र रात्र खाटेशेजारी बसून नोंदवलं. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची निरीक्षणं आली, १९८६ मध्ये प्राझोसिन या औषधाचा उपयोग. विषामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, प्राझोसिन रक्तवाहिन्या आवळणारे अल्फा रिसेप्टर अडवतं, ताणलेल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदयावरचा भार उतरतो. सेकंड इयरला आम्ही हे प्राझोसिनच्या खाली एका ओळीत शिकवतो. मुलं ती ओळ परीक्षेपुरती पाठ करतात. पुढे २०११ मध्ये प्रतिविषाबरोबर प्राझोसिन देऊन पाहिलेला अभ्यास 'बीएमजे'मध्ये आला, तोही त्याच महाडमधून. २०२२ ला पद्मश्री मिळाली. हे सगळं करताना ते कुठल्या मेडिकल कॉलेजात प्राध्यापक नव्हते.

असा माणूस माझ्या शेजारी थेट सहयोगी प्राध्यापक म्हणून आला तर मी उठून खुर्ची देईन, असं मी म्हणाले. त्यावर मेडिसिनचे सर म्हणाले, "मॅडम, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात बावस्कर बसलेले नसतात." खरंय. पण प्रत्येक मेडिकल कॉलेजातही नसतात, आणि तिथे त्यांची वाट अडवायला आपण नियम लावतो.

वादात एक गोष्ट कुणी काढली नाही, ती मला नंतर सुचली. बढतीसाठी शोधनिबंध, मेटा-ॲनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, केस सीरिज धरतात. एका रुग्णाची केस रिपोर्ट धरत नाहीत. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरची पहिली नजर जिथे तयार होते, तेच लिखाण फाईलमध्ये शून्य. त्यामुळे ते कुणी लिहीत नाही. त्याऐवजी इनबॉक्समध्ये 'आदरणीय डॉक्टर, आपल्या थोर योगदानाने आम्ही भारावलो' असले मेल येतात, पाच दिवसांत छापून देतो म्हणणारे, आणि आपल्यालाच त्यांना पैसे भरायची पाळी येते. माझं योगदान त्यांना डर्मॅटॉलॉजीतलं वाटतं, कधी पशुवैद्यकातलं.

गुरुवार

मोबाइलवर चेहरा दाखवून हजेरी लावायला सकाळी पोर्चमध्ये ही गर्दी. मे २०२५ पासून हे चाललंय, आता सवय झाली. डोळे मिचकाव म्हटलं की मिचकवायचे. पंचाहत्तर टक्के भरली पाहिजे.

शुक्रवार

बेसिक कोर्स इन मेडिकल एज्युकेशनचा शेवटचा दिवस संपला. पाय दुखताहेत, पण मन ठिकाणावर आहे.

हा तीन दिवसांचा कोर्स बढतीसाठी सक्तीचा, त्यामुळे लोक येताना तोंड पाडून येतात. पहिल्या सत्रात खेळ खेळायला लावले की ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या. "आम्ही काय बालवाडीत आलो का?" यावेळी आमच्या गटात एक सर्जन होते, निवृत्तीला फार वर्षं राहिलेली नाहीत. सगळ्यांना त्यांचा धाक. त्यांना हर्नियावरच्या तासाचं उद्दिष्ट लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं: 'विद्यार्थ्याला हर्निया समजेल.' मी विचारलं, सर, समजलं हे तुम्हाला कसं कळणार? ते म्हणाले, "चेहऱ्यावरून." सगळे हसले. मग ते स्वतःच थांबले, कागद पुढे ओढला आणि लिहायला लागले: उभ्या रुग्णाची तपासणी करून, खोकायला सांगून, हर्निया इन्ग्वायनल प्रकारचा की फीमोरल हे कारणासह सांगता येईल. लिहून झाल्यावर म्हणाले, असं लिहिलं तर मग परीक्षाही खाटेपाशीच घ्यावी लागेल. २०१९ पासून आलेला सगळा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम त्या एका वाक्यात आला. मी तेच पस्तीस स्लाइड लावून सांगणार होते.

मायक्रोटीचिंगला मात्र ते घाबरले. आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये हुकूम सोडलेला माणूस, पाच मिनिटं शिकवायचं आणि सहकाऱ्यांनी तोंडावर सांगायचं काय चुकलं. शेवटी अभिप्राय द्यायची वेळ आली तेव्हा कुणी तोंड उघडेना. बोलली ती आमचीच कंत्राटी मुलगी: "सर, तुम्ही पूर्ण वेळ फळ्याकडे बघत होतात." खोलीत शांतता. सर म्हणाले, "बघत होतो खरा," आणि परत उभे राहून पुन्हा शिकवलं.

मला हा कोर्स आवडतो, हे मी स्टाफरूममध्ये फार मोठ्याने बोलत नाही. एरवी सक्ती म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण शिकवायचं कसं हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. एमडी झालो की दुसऱ्या दिवशी दीडशे मुलांपुढे माइक हातात.

संध्याकाळी कंत्राटी मुलीला मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधल्या फेमर फेलोशिपबद्दल नीट सांगितलं. फेमर ही अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची वैद्यकीय शिक्षणाला वाहिलेली संस्था. तिची भारतात मुंबई, लुधियाना, कोइमतूर अशी केंद्रं, त्यातलं मुंबईचं २००५ पासूनचं. फेलोशिप दोन वर्षं चालते, स्वतःच्या कॉलेजात एक शैक्षणिक प्रकल्प प्रत्यक्ष करून दाखवावा लागतो, आणि कॉलेजचं पाठबळाचं पत्र लागतं. पत्र ग्रुपवर टाकून हे पोहोचलं नसतं. चहा घेत समोर बसून सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो फीचा, दुसरा रजेचा, आणि तिसरा तोच, नेहमीचा. तिसऱ्याचं उत्तर मी सोमवारी फोन करून विचारते म्हणाले.

शनिवार

सेकंड इयरची एक मुलगी दारात उभी. आयसीएमआरच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपसाठी पुढच्या वेळी अर्ज करायचाय, गाइड व्हाल का? १९७९ पासून चालू असलेली ही योजना मला सगळ्या कागदांत प्रिय आहे. एमबीबीएसच्या मुलाने दोन महिन्यांत होईल असा छोटा अभ्यास स्वतः सुचवायचा, एथिक्स कमिटीची परवानगी काढायची, करायचा, लिहायचा. एका गाइडला एकच विद्यार्थी, त्यामुळे होकार देण्याआधी मी मुलांना बराच वेळ बोलायला लावते.

ही बोलली ती आजीबद्दल. आजीला ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली आणि पाठोपाठ कोरडा खोकला. घरच्यांनी कफ सिरप आणलं, मग दुसरं, मग आल्याचा रस, मग छातीचा एक्स-रे. गोळी होती रॅमिप्रिल. या गटातल्या गोळ्यांनी शरीरात ब्रॅडिकायनिन साठून खोकला येतो हे आम्ही वर्गात शिकवलं त्या रात्री तिने घरी फोन केला. डॉक्टरांनी गोळी बदलली, काही आठवड्यांत खोकला थांबला. तिचा प्रश्न असा की आपल्या ओपीडीत या गटातली औषधं घेणाऱ्या किती जणांना खोकला आहे, त्यांतल्या किती जणांनी तो डॉक्टरांना सांगितला, आणि सांगितला त्यांच्यापैकी किती जणांचा दुष्परिणामाचा फॉर्म भरला गेला. दुष्परिणाम नोंदवायचा औषधदक्षता कार्यक्रम देशात २०१० पासून आहे, फॉर्म प्रत्येक वॉर्डात आहेत, कोरे.

मी कंत्राटी मुलीला हाक मारली. नमुना किती मोठा घ्यायचा यावर दोघी फळ्यापाशी तासभर भांडत होत्या. मी जेवून आले तरी चालूच.

नंतर नावांचा प्रश्न निघाला, काम सुरू व्हायच्या आधीच, आणि तो आधीच निघावा असं माझं मत आहे. पुढे पेपर झालाच तर बढतीसाठी पहिली तीन नावं आणि पत्रव्यवहाराचा लेखक एवढेच धरतात. पहिली विद्यार्थिनी, दुसरी ती, पत्रव्यवहाराला मी. विभागप्रमुखांचं नाव आमच्याकडे प्रत्येक पेपरवर असतंच, त्यांच्या आधीच्या सरांचंही असायचं. चौथ्या जागेवर टाकलं तर त्यांना उपयोग शून्य आणि राग पूर्ण. मी त्यांच्या खोलीत गेले, सरळ सांगितलं.

सरांनी चष्मा काढला. आता विभागाची परंपरा, ज्येष्ठता वगैरे ऐकायची तयारी करून मी उभी.

"चौथं कशाला? मी काय केलंय त्यात? आभारात टाका." मी वळले तर मागून पुन्हा, "आणि मागच्या वेळी आभारात माझ्या आडनावाची वेलांटी चुकवली होती तुमच्या पोरांनी. ते जरा बघा."