फिरायला जायचो आणि वजन वाढायचं

मागच्या वर्षी जूनमध्ये काट्यावर उभा राहिलो तर ८८.४. उंची १७० सेंटीमीटर, वय ४१, काम सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सचं, म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी सात बूड खुर्चीला चिकटलेलं. डॉक्टर एवढंच म्हणले, फिरायला जात जा. गेलो. खरंच गेलो हो, पहाटे साडेपाचला उठून होम मैदान, तिथनं किल्ल्याच्या कडेनं, मग तळ्यापर्यंत आणि परत, पाऊण तास, पावसातसुद्धा छत्री घेऊन. तीन महिन्यांनी सप्टेंबरात वजन केलं तर ८९.१.

बायको हसली नाही, हेच जास्त लागलं.

आता जो माणूस दिवसभर दुसऱ्याचे जमा-खर्च जुळवतो त्याला स्वतःचा ताळा लागू नये म्हणजे लाजच आहे, म्हणून त्या रविवारी वही घेऊन बसलो. नेटवर एक सूत्र मिळतं, मिफ्लिन-सेंट जिओर म्हणून, १९९० सालचं आहे, बरेच आहारतज्ज्ञ तेच वापरतात. वजनाला १० ने गुणायचं, उंचीला ६.२५ ने, दोन्हीची बेरीज, त्यातनं वयाची पाचपट वजा, पुरुष असेल तर ५ मिळवायचे, बाई असेल तर १६१ वजा करायचे. माझं आलं १७५२. म्हणजे दिवसभर नुसता पडून राहिलो तरी शरीर एवढ्या कॅलरी जाळतं. खुर्चीवाल्या माणसाने त्याला १.२ ने गुणायचं, झाले साधारण २१००. एवढं खाल्लं तर वजन आहे तिथंच.

मग चालण्याचं बघितलं. हातातलं घड्याळ पाऊण तासाला ३५० कॅलरी दाखवायचं आणि मी खूष. पण ताशी पाच किलोमीटरच्या चालीला नुसतं बसण्याच्या साधारण साडेतीनपट ऊर्जा लागते, त्यातली एक पट तर घरी बसलो असतो तरी जळणारच होती, ती २१०० मध्ये आधीच धरलेली आहे, तीच परत जमेला धरली तर ऑडिटमध्ये कान धरतील. राहिली अडीच पट. ८९ किलो गुणिले अडीच गुणिले पाऊण तास, १६७ कॅलरी. फक्त. एवढ्या घामाचे एवढेच पैसे!

आणि मी फिरून आल्यावर काय करत होतो? आमची चौघांची गँग, परत येताना गाड्यावर थांबायचो, "चल बे, एवढं चाललोय आता खायला काय हरकत आहे" म्हणत एक प्लेट सुशीला (भिजवलेले चुरमुरे फोडणीला टाकून करतात ती), वर शेव, दोन भजी, दोन कटिंग. माझ्या अंदाजाने साडेचारशेच्या खाली काही जात नव्हतं. कमवायचे १६७ आणि उडवायचे साडेचारशे, आणि वर घरी येऊन नाष्टा वेगळा, कारण आईला गाड्याचं माहीतच नव्हतं.

पण खरा चोर घरात होता. शेंगा चटणी. सोलापुरात राहून चटणीला चोर म्हणणं जड जातं पण ऐका. स्वयंपाकाचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा मागवला आणि रोज जेवढी घेतो तेवढीच चटणी ताटलीत काढून ठेवली. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, बोटाला चिकटणारी लालभडक चटणी, आकडा आला ३० ग्रॅम. शेंगदाण्याला शंभर ग्रॅमला ५६७ कॅलरी, म्हणजे १७०. त्यावर मी मधे खड्डा करून कच्चं तेल घेतो, सगळेच घेतात, ते दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम, ग्रॅमला ९ प्रमाणे ९० कॅलरी. झाले २६०. एका जेवणाचे. मी अख्ख्या सकाळी चालून जे मिळवतो त्याच्या दीडपट नुसतं तोंडी लावणं! आई दारात उभी राहून बघत होती. म्हणली, "आता तराजू लावून जेवायलास होय रे?"

दुसरा घोळ भाकरीचा, हा मला सापडायला तीन आठवडे गेले. ॲपमध्ये ज्वारीची भाकरी शंभर ग्रॅमला दोनशे दहा कॅलरी दिलेली. मी रात्री कडक भाकरी खातो, ती काट्यावर ठेवली तर ६८ ग्रॅम, म्हणून १४० लिहायचो, आणि हलकी आहे म्हणून तीन खायचो. मग एक दिवस आई भाकरी थापत असताना उंडा करायच्या आधी सुकं पीठ मोजलं. एका भाकरीला ६५ ग्रॅम. ज्वारीच्या पिठाला शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या जवळपास, म्हणजे सव्वादोनशे कॅलरी. मऊ खा नाहीतर कडक खा, पीठ तेवढंच, कडक भाकरीतलं फक्त पाणी उडालेलं असतं आणि पाण्याला कॅलरीच नसते! तीन भाकरींमागे रोज अडीचशे कॅलरी माझ्या वहीत येतच नव्हत्या. तेव्हापासून भाकरी कधीच मोजली नाही, पीठ मोजतो. भाताचंही तेच, तांदूळ मोजायचे, शिजलेला भात नाही.

मग ठरवलं ते असं. खाणं १७०० च्या आसपास, आणि चालण्याचे १६७ हे फिक्स्ड डिपॉझिट, ते मोडायचे नाहीत. घड्याळात कितीही दिसू दे, "आज जास्त चाललो" म्हणून एक घास जास्त नाही. खाण्यातनं ४०० कमी, चालण्यातनं १६७, मिळून रोजची साडेपाचशेची तूट, आठवड्याला चार हजार. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे आठवड्याला अर्धा किलो. ऐकायला काहीच नाही. लोक महिन्यात दहा किलोचे फोटो टाकतात. असो. (शुगरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी माझं बघून काही करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.)

चटणी सोडली नाही, सोडणारही नाही. १५ ग्रॅम, वर तेल नाही, दही कालवून. रात्री दोनच भाकरी आणि मटकीची उसळ वाटीभर जास्त, कारण डाळी-उसळीने पोट भरलेलं राहतं आणि वजन उतरताना अंगातलं मांस कमी झिजतं, त्यासाठीच आठवड्यातनं तीनदा घरी जोर-बैठका पण चालू केल्या. शिवाय पाणी येतं त्या दिवशी टाकीवर बादल्या चढवायचं काम माझ्याकडे. सोलापूरकरांना सांगायला नको तो कसला व्यायाम असतो ते.

संक्रांतीच्या तोंडावर ८२.६ वर आलो होतो आणि मग आली गड्ड्याची जत्रा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मग पाहुणे, मग मैदानावर पोरांबरोबर भजी, तीन दिवस वहीच उघडली नाही. चौथ्या दिवशी ८४.४! पोटात खड्डाच पडला. मग डोकं लावलं, १.८ किलो चरबी चढायची तर गरजेपेक्षा चौदा हजार कॅलरी वर खायला लागतील, तीन दिवसात मी काय हत्ती खाल्ला होता का? ते पाणी होतं. मीठ जास्त झालं, भात-गोड जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं. काही न करता नेहमीचं जेवलो आणि सहा दिवसात ८२.७. तेव्हापासून रोजचा आकडा फक्त लिहितो, बघतो आठवड्याची सरासरी.

फेब्रुवारी-मार्चला मात्र ८१ ला गाडी अडकली. कारण साधं होतं पण मला सुचेना, आठ किलोचं ओझं उतरलं म्हणजे ते वागवायचा खर्चही उतरला. सूत्रात परत आकडे घातले तर २१०० चे २००० झालेले, चालण्याचे १६७ चे १५०. शिवाय वजन हळू उतरायला लागलं तसं वहीत पण ढिलाई आली होती, खोटं कशाला बोलू, चमचाभर तेल "अंदाजे" लिहायचो. खाणं अजून कमी करायची इच्छा नव्हती, मग चालणं तासभर केलं आणि तेल परत मोजायला लागलो. एप्रिलमध्ये हललं. उन्हामुळं आता पाचलाच निघतो, आठनंतर इथं माणूस भाजतो. काल ७८.९ होतं.

गँग अजून गाड्यावर थांबते, मी पण थांबतो, एक कटिंग घेतो, शिव्या खातो. रविवारी सुशीला खातो, ती वहीत लिहून.

आणि तो काटा आता माझा राहिलेला नाही. परवा आईने किराणातनं आणलेले किलोभर शेंगदाणे त्यावर ठेवले, चाळीस ग्रॅम कमी भरले, तर पिशवी आणि काटा दोन्ही घेऊन ती भर दुपारी दुकानात गेली.