झेंडा पडायच्या आधीचा तास: रॅलीत जुनी अॅम्बेसेडर तापू न देता

क्लासिक गाड्यांच्या रॅलीत सगळ्यात अवघड टप्पा कुठला, असं कुणी विचारलं तर मी घाटाचं नाव घेत नाही. छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकात झेंडा पडायच्या, म्हणजे रॅली सुटायच्या, आधीचा तास अवघड. हलगी, लेझीम, फेटे, पाहुण्यांची भाषणं आणि त्यातून पावलापावलानं सरकणारी रांग. मार्क-टू अॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन ताशी ५० ला दिवसभर कुरकुरत नाही. पण तिचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, फेरे कमी, म्हणून वाराही कमी, आणि बॉनेटखाली उष्णता साचत जाते. तयारी या तासासाठी करावी, पुढचा रस्ता निभतो.

कागदांचं आधी उरकून घ्यावं. ५० वर्षांपुढच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांनी वेगळी व्हिंटेज नोंदणी आणली. अर्ज फॉर्म २० मध्ये, सोबत विमा आणि जुनं आरसी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणीला ५,०००. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर राहतो. अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच.

आता पाणी. मराठवाड्यात बोअरचं पाणी जड. वर्षानुवर्षं तेच रेडिएटरमध्ये ओतलं की नळ्यांत आणि ब्लॉकच्या आत क्षाराचा थर बसतो आणि गाडी चौकात उकळते. रेडिएटर उलट दिशेनं धुऊन घ्यावा, मग डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरावं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रोखणारी झडप, काढून टाकायची पद्धत मला अजिबात पटत नाही. तो पातेल्यात पाणी तापवून तपासावा: साधारण ८२ अंशांना उघडायला लागला की चांगला. इलेक्ट्रिक पंखा लावा असं पुष्कळ जण सुचवतात. पण बॅटरी चार्ज करणारा लुकासचा डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिनाचे फेरे चढल्यावर. आयडलिंगला तो जवळपास काहीच देत नाही, म्हणजे पंखा बॅटरीच खातो. शिवाय परीक्षक मूळपणाचे गुण कापतात. त्यापेक्षा बॅटरी आदल्या रात्री पूर्ण चार्ज करावी आणि रांगेत हेडलाइट बंद ठेवावेत. दोन्ही दिवे मिळून सात-आठ अँपिअर ओढतात.

पेट्रोलची अडचण याहून चिवट. मेकॅनिकल पंप ब्लॉकला चिकटलेला, त्यामुळे थांबलेल्या गाडीत नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत राहतो. नळी एक्झॉस्टपासून लांब वळवून उष्णतारोधक स्लीव्हमध्ये घालावी. पंपावर ओलं फडकं ठेवण्याचा जुना उपाय आजही चालतो, फक्त फडकं पट्ट्यापासून दूर बांधावं. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप फुगतात, मऊ पडतात, म्हणून पाइप आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉलला टिकणारेच घ्यावेत.

आणि आता हारांविषयी, कारण याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पूजा हवीच, कुंकू लागावं, नारळ फुटावा, चाकाखाली लिंबू यावं. पण झेंडूची जाड माळ ग्रिलवर आडवी बांधली की रेडिएटरचं तोंडच बंद होतं. पाकळ्या सुटून जाळीत रुततात, ओल्या असतील तर चिकटून बसतात. माळ बंपरला किंवा विंडस्क्रीनच्या कडेला बांधावी. आयोजकांची रॅली प्लेटही बंपरखाली घ्यावी, जाळीसमोर नको. हळद थेट रंगावर न लावता आंब्याच्या पानावर ठेवावी; जुन्या रंगावरचा पिवळा डाग सहजी जात नाही.

रांगेत गिअर टाकून क्लच दाबून बसू नये. न्यूट्रल, हँडब्रेक, पाय मोकळा. भाषण लांबलंच तर इंजिन बंद करून बॉनेट उघडावं. बंद केल्यावर काही मिनिटं कार्ब्युरेटर उलट जास्तच तापतो, भांड्यातलं पेट्रोल उकळून आत सांडतं. म्हणून पुन्हा सुरू करताना चोक ओढायचा नाही, अॅक्सिलरेटरचं पेडल पंप करायचं नाही. पाय खालपर्यंत दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. इंजिनानं धरलं की लगेच पाय सोडायचा. एवढ्यानंही सुरू झाली नाही तर ठिणगीच्या यंत्रणेतला छोटा कंडेन्सर आधी बदलून पाहावा, गरम झाल्यावर दगा देणारा भाग बहुतेकदा तोच. डिकीत पट्टा, पॉइंट सेट, कंडेन्सर, कॉइल, होज क्लिपा आणि पाण्याचा कॅन असावा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कुणाच्याही आग्रहाखातर उघडू नये.

झेंडा पडला की जोरात निघायचा मोह होतो. नगर नाक्यापर्यंत गर्दी असतेच, तिथवर सावकाश. पडेगाव सोडल्यावर वारा लागतो आणि मिटमिट्याच्या आसपास तापमानाचा काटा खाली येतो. मीटरचा फरक याच पट्ट्यात काढावा: रोडबुकातल्या, म्हणजे आयोजकांच्या मार्गपुस्तिकेतल्या, १० किलोमीटरला आपला मीटर ९.७ दाखवत असेल, तर पुस्तकातलं प्रत्येक अंतर ०.९७ नं गुणायचं. टायर बदलले की हा आकडा बदलतो. दौलताबादच्या तटातला दरवाजा अरुंद, तिथं वाहनं तुंबतात. पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांइतकं अंतर ठेवलं तर दरवाजा एका दमात पार होतो आणि खुलताबादच्या चढाला इंजिन थंड मिळतं.