आरडी ३५० : सहा हजारांची हौस फिटली, आता दोन हजारांचं काम

डावीकडचं इनटेक रबर, म्हणजे कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारा रबरी तुकडा. मागच्या नोंदीपासून जो गुन्हेगार शोधत होतो, तो निदान निम्मा तरी सापडला. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० च्या वेगाने, थ्रॉटल जेमतेम उघडा ठेवून आरडी, म्हणजे ही जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल, नेली की जे झटके बसायचे, ते बरेच कमी झालेत. संपले नाहीत. उरलेले कुठून येत होते ते कळलं तेव्हा पुढचा सगळा बेतच बदलावा लागला. तेही खाली लिहिलंय.

चेंबर (वेगासाठीचे फुगीर सायलेंसर) उतरवून मूळचे सायलेंसर चढवले, क्लिप-ऑन (पुढे वाकवणारं बुटकं हँडल) काढून उंच हँडल बसवलं, कोन फिल्टर काढून एअरबॉक्स परत लावला, हे मागे सविस्तर येऊन गेलंय. थोडं त्यामागच्या कारणाबद्दल. आरडीवाल्यांच्या आवडीचा आलेख टॅकोमीटरवरच, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या (आरपीएम) दाखवणाऱ्या तबकडीवरच, काढता येतो. विशी-पंचविशीत काटा ६,००० च्या वर गेला की गाडी सुरू झाली असं वाटतं. चेंबर लावायचे ते त्यासाठीच. त्यांच्या परतीच्या लाटा त्याच पट्ट्यात नीट जुळतात, खाली मात्र गाडी अगदी मेलेली. त्या वयात खालचं कोणी विचारत नाही. पन्नाशी आली की आपल्या इंदूरमध्ये गाडी बहुतेक वेळ राजवाडा, सराफा, टिळक पथ अशा गर्दीतून जाते आणि रविवारी सकाळी खंडवा रोडने सिमरोलच्या घाटापर्यंत. काटा दीड ते तीन हजारांत राहतो. तिथे गाडी गुळगुळीत हवी, पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू व्हायला हवी, सिग्नलला प्लग भरू नये. मनगटावर भार नको आणि ब्रेक भरवशाचा हवा.

आवड बदलली म्हणजे मागणी कमी झाली असा समज असतो. आरडीच्या बाबतीत उलट आहे. सहा हजारांवर पळणारी आरडी बनवणं तुलनेने सोपं, दोन हजारांवर शहाण्यासारखी चालणारी आरडी बनवणं फार कठीण. वरच्या आरपीएमवर इंजिन पुष्कळ गोष्टी माफ करतं, खाली एकही नाही.

एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये यामाहाची आरडी भारतात राजदूत ३५० या नावाने आणली ती ३०.५ बीएचपीची, म्हणजे एचटी (हाय टॉर्क). १९८५ पासून २७ बीएचपीची एलटी (लो टॉर्क) आली. तरुणपणी एलटी म्हटलं की सगळे नाक मुरडायचे. आता शहरात चालवायला कोणी विचारलं तर आम्ही बिनदिक्कत एलटी सुचवतो. ही नोंद मात्र एचटीची आहे.

आता झटक्यांकडे. लक्षणं तीन होती. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम २,००० च्या आसपास लटकायचे आणि सावकाश १,२०० वर यायचे. स्लो स्पीड (उभ्या गाडीतले आरपीएम) सेट केली तरी गाडी तापल्यावर ती बदलायची. आणि २,२०० च्या आसपास स्थिर थ्रॉटलवर गाडी पुढे-मागे ओढायची. पहिली दोन लक्षणं हवा शिरत असल्याची आहेत. इथे बहुतेक जण कार्ब्युरेटर क्लीनर फवारून आरपीएम बदलतात का ते बघतात. गरम इंजिनावर ज्वालाग्राही फवारा मारणं धोक्याचं आहे आणि त्यातून ठाम उत्तरही मिळत नाही. प्रेशर टेस्टच करावी, म्हणजे इंजिनाची सगळी तोंडं बंद करून आत हवा भरायची आणि ती गळते का ते बघायचं.

त्यासाठी महागडं किट लागत नाही. काट्याचं बीपी मशीन पुरतं, आमच्या वयाच्या आरडीवाल्यांच्या घरात ते असतंच. पट्टा काढायचा, रबरी फुगा आणि तबकडी टी-जोडाने एकाच नळीवर आणायची. टू-स्ट्रोकवाल्यांचा नियम ६ पीएसआयला ६ मिनिटं असा आहे. पण ६ पीएसआय म्हणजे पाऱ्याचे साधारण ३१० मिलिमीटर, आणि तबकडी ३०० ला संपते. म्हणून २५० वर थांबायचं. ते जवळजवळ ४.८ पीएसआय होतात आणि गळती शोधायला पुरतात.

दोन्ही कार्ब्युरेटर काढून त्यांच्या तोंडाच्या मापाचे नायलॉनचे दोन डट्टे लेथवर करून घ्यायचे. एकाला आरपार भोक पाडून नळीचा निपल बसवायचा. एक्झॉस्टच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा दुहेरी तुकडा आणि त्यावर ३ मिमीची पट्टी, सायलेंसरच्याच स्टडवर आवळून. प्लग घट्ट बसवायचे. ऑइल पंपाच्या नळ्यांची तोंडंही बंद करायची. नाहीतर हवा तिथून जाते आणि संशय क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) टोकांच्या सीलवर येतो. दोन्ही सिलिंडर एकदमच बंद करायचे, कारण क्रँकच्या मधलं सील लॅबिरिंथ प्रकारचं आहे, ते पूर्ण हवाबंद नसतं. आणि हवा इनटेककडूनच भरायची. प्लगच्या भोकातून भरली की रीड व्हॉल्व्ह (हवा फक्त आत सोडणाऱ्या पात्या) मिटतात आणि त्यांच्या मागचं रबर तपासलंच जात नाही. बऱ्याच ठिकाणी 'टेस्ट केली, सगळं ठीक आहे' असा निकाल मिळतो, त्याचं कारण हेच असतं.

काटा २५० वरून मिनिटाभरात १८० वर आला. साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो. बेस पॅकिंग कोरडं. हेड कोरडं. पॉइंटची प्लेट, स्टेटर, रोटर (क्रँकच्या डाव्या टोकावरचे इग्निशनचे आणि विजेचे भाग) उतरवून डाव्या सीलला पाणी लावलं, तिथेही बुडबुडा नाही. याचा फार आनंद झाला, कारण सील गेलं असतं तर कामाचा पसारा कितीतरी वाढला असता. रोटर मात्र पुलरनेच काढायचा. हातोडीने ठोकला की प्रेसने जोडलेला क्रँक पिळतो आणि मग सगळंच मुसळ केरात. उजव्या सीलबद्दल एवढंच, की ते गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि उजवा सायलेंसर पांढरा धूर सोडतो. इथे धूर दोन्हीकडे सारखा, म्हणून तो संशय आधीच बाद होता.

बुडबुडे आले ते डाव्या इनटेक रबराच्या खालच्या कडेला, जिथे त्याचा फ्लँज रीड ब्लॉकवर बसतो तिथे. अगदी बारीक फेस, टॉर्च आडवा धरला तरच दिसणारा. रबर नवं होतं, तडा नव्हता. फ्लँज काचेवर ठेवला तर खालून ०.१५ मिमीची फीलर पट्टी सहज गेली. मूळ सपाटीच चुकलेली. दिल्लीच्या करोल बागेतून येणाऱ्या अशा रबरांत चांगली आणि वाईट शेजारी-शेजारी असतात, म्हणून विकत घेतानाच काचेवर ठेवून बघावं. दुकानदार कितीही ओळखीचा असो.

उपाय साधा आहे. जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर, थोडं पाणी, आणि फ्लँज इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचा, संपूर्ण तोंडावर एकसारखी रेघ दिसेपर्यंत. रीड ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग. बोल्ट आलटून-पालटून, थोडे-थोडे आवळायचे. जोर लावला की फ्लँज पुन्हा वाकतो आणि गळती जिथल्या तिथे. यानंतर काटा ६ मिनिटांत २५० वरून २४० वर आला. इतकं चालतं.

एवढ्याशा फटीने इतका फरक का पडतो? दोन हजारांवर, पाव थ्रॉटलच्याही खाली, इंजिन मुळातच फार थोडी हवा घेतं. त्या थोड्यात फटीतून आलेली हवा मोठा वाटा उचलते आणि मिश्रण पातळ होतं. पूर्ण थ्रॉटलला तीच फट नगण्य. म्हणून सहा हजारांवर गाडी पळवणाऱ्याला ही गळती वर्षानुवर्षं कळत नाही. गाडी तीच, फटही कदाचित तीच. चालवणाऱ्याचं वय बदललं तेव्हा ती दिसली.

आरपीएम लटकणं थांबलं. स्लो १,२०० वर ठरली आणि तापल्यावरही तिथेच राहिली. ओढाताण मात्र थोडी बाकी.

मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. प्लगच्या भोकात डायल गेज, टीडीसीला (पिस्टन सर्वांत वर असताना) शून्य, आणि पिस्टन २.० मिमी खाली असताना पॉइंट (ठिणगी पाडणारा संपर्क) उघडायला हवा, दोन्ही सिलिंडरचा वेगवेगळा. आधी पॉइंटची गॅप ०.३५ मिमी, नंतर टायमिंग. उलटं केलं तर गॅप बदलताना टायमिंग पुन्हा हलतं. डावा २.० वर होता, उजवा २.२ वर. वर हा फरक जाणवत नाही, खाली एक सिलिंडर दुसऱ्याला ढकलतो. डायल गेज मितुतोयोचं असेल तर उत्तम, पण अडॅप्टर जास्त महत्त्वाचा. तो प्लगच्या भोकात सरळ बसला नाही तर गेज कुठल्याही कंपनीचं असो, आकडा खोटाच येणार. इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावायचा विचार मागच्या वेळी पक्का केला होता. क्रँकच्या डाव्या टोकाचं वोबल (फिरताना होणारी डगमग) मोजलं तर ०.०३ मिमी, म्हणजे पॉइंट अजून नीट काम करू शकतात. तो खर्च तूर्त बाजूला.

त्यानंतर पायलट जेट, म्हणजे कमी थ्रॉटलवर पेट्रोल सोडणारं कार्ब्युरेटरमधलं बारीक भोक. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे हा प्रश्न जुन्या प्रत्येक गाडीचा आहे. शुद्ध पेट्रोलला हवा-पेट्रोलचं १४.७ : १ चं मिश्रण लागतं, ई-२० ला सुमारे १३.५ : १, म्हणजे त्याच जेटवर गाडी पातळ चालते. एअर स्क्रू तेच सांगत होता. दीड फेरी उघडा असताना गाडी अडखळायची, पाऊण फेरीवर बरी चालायची. एका फेरीच्या आत उत्तम चालत असेल तर पायलट लहान आहे असं समजावं. २५ च्या जागी २७.५ बसवला आणि स्क्रू पावणेदोन फेऱ्यांवर स्थिरावला. जेटवर मिकुनीची चौकोनात चौकोन अशी खूण आहे का ते भिंगाखाली बघून घ्या. नकली जेटवर आकडा एक आणि भोक भलतंच असतं. फ्लोट बाऊलची ओ-रिंग आणि पेट्रोल कॉकचं रबरही बदलून टाका, इथेनॉलने जुनं रबर फुगतं. प्लग बी८एचएसऐवजी बी७एचएस. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा लहान तितका प्लग गरम, आणि हळू चालणाऱ्या गाडीत तो काळा पडत नाही. कोणी लांब, वेगाने जाणार असेल तर परत ८ लावणं आवश्यक.

कार्ब्युरेटरच्या दोन्ही स्लाइड (थ्रॉटलने वर उचलले जाणारे पडदे) एकदम उठतात का ते ड्रिल बिटने पाहिलं. सारख्या जाडीची दोन बिटं स्लाइडखाली ठेवायची, केबल ताणत न्यायची, दोन्ही एकाच क्षणी सुटायला हवीत. केबल हलवली की ऑइल पंपाची खूणही पुन्हा जुळवणं भाग आहे. पंपाचा कमीत कमी स्ट्रोक ०.२० ते ०.२५ मिमी.

एवढं सगळं होऊन २,२०० वर ओढाताण उरलीच. टू-स्ट्रोक अगदी कमी थ्रॉटलवर एक आड एक फायरिंग चुकवते, जळका वायू सिलिंडरमध्ये राहतो म्हणून. तो तिचा स्वभावच, तेवढा स्वीकारायचा. पण इथे झटका त्याहून मोठा होता आणि तो सीटखाली मागून यायचा. मुख्य स्टँडवर गाडी, गिअर टाकलेला, मागचं चाक हाताने मागे-पुढे फिरवलं, तर चेन ताणली जाण्याआधी चाकात चांगलाच खेळ होता. हबमधली कुश रबरं (चेनचा झटका झेलणारी) चेपून पार दगड झालेली. वर चेन एका जागी १५ मिमी ढिली, अर्ध्या फेरीनंतर ३५. इंजिनाचा छोटासा अडखळा हब आणि चेन मिळून मोठा करत होते.

म्हणून बेत बदलला. इग्निशनचे पैसे आता चेन, दोन्ही स्प्रॉकेट आणि कुश रबरांवर. रबरं येईपर्यंत ट्यूबचे २ मिमीचे तुकडे जुन्या रबरांच्या दोन्ही बाजूंना कोंबलेत. चेन सर्वांत घट्ट जागी, वर माणूस बसवून, २० मिमीवर ठेवली. एवढ्यावरच सराफ्याच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये क्लचला हात न लावता गाडी रांगली. फार छान वाटलं.

पुढच्या ड्रम ब्रेकचंही एक काम झालं. दोन्ही कॅम जोडणारा रॉड ढिला करायचा, प्रत्येक शू वेगळा ड्रमला टेकवायचा आणि मग रॉडची लांबी जुळवायची. बहुतेक गाड्यांत एकच शू काम करत असतो आणि बदनामी सगळ्या आरडींची होते. नवी शू असतील तर टोकांना थोडा उतार द्या, नाहीतर ब्रेक एकदम चावतो.

स्प्रॉकेट आता घ्यायचंच आहे तर पुढचं एक दात मोठं घ्यावं का, हा प्रश्न लिहिता-लिहिताच पडला. ताशी ६० ला आरपीएम सहा-सात टक्क्यांनी उतरतील, मानपूर घाटाकडे जाताना बरं वाटेल. पण शहरात तिसरा गिअर आणखी खाली जाईल आणि आत्ताच मिळवलेला गुळगुळीतपणा जाईल. मत एक दात लहान घेण्याकडे झुकतंय: ३० ला इंजिन थोडं मोकळं फिरेल आणि हायवेवर तसंही ८० च्या वर कोणाला जायचं नाही. कोणी एचटीवर मूळच्या सायलेंसरसह लहान स्प्रॉकेट चालवत असेल तर तिसऱ्या गिअरमध्ये ३० ला किती आरपीएम दिसतात ते कळवा. त्याआधी दोन्ही सायलेंसरांचे बॅफल (आतल्या आवाज दाबणाऱ्या नळ्या) काढून कार्बन खरवडायचाय. एक भरलेला आणि एक मोकळा असेल तर वर लिहिलेली सगळी मापं पुन्हा घ्यावी लागतील.