आमची वाटचाल : ट्रान्समीटरचे म्हणणे कंट्रोल रूमपर्यंत

साकीनाक्याला तळमजल्यावरचा एक गाळा भाड्याने घेऊन आम्ही दोघा भागीदारांनी काम सुरू केले, तेव्हा स्वतःचे उत्पादन असे आमच्याकडे काहीच नव्हते. माझे शिक्षण इन्स्ट्रुमेंटेशनच्या पदविकेचे, तर भागीदारांचा हात इलेक्ट्रॉनिक्सवर बसलेला. माहुल, तुर्भे, तळोजा आणि पाताळगंगा या पट्ट्यातल्या कारखान्यांतून बिघडलेले प्रेशर आणि लेव्हल ट्रान्समीटर, म्हणजे दाब किंवा पातळी मोजून ते माप तारेवरून कळवणारी उपकरणे, आणायचे, दुरुस्त करायचे, डेड वेट टेस्टरवर, म्हणजे वजने ठेवून नेमका दाब देणाऱ्या यंत्रावर, तपासायचे आणि कॅलिब्रेशनच्या दाखल्यासह परत पोहोचवायचे, एवढाच आमचा व्यवसाय होता. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून येत, ग्लँड (केबल उपकरणात शिरते तिथला घट्ट सांधा) आणि फिटिंग नागदेवी स्ट्रीटवरून. काम भरपूर होते आणि त्यातून घर चालत होते, पण त्याच दुरुस्तीच्या टेबलावर एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसू लागली आणि तिने पुढे व्यवसायाची दिशाच बदलली.

प्रोसेस कारखान्यातला ट्रान्समीटर आपले माप ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रवाहात सांगतो. मापाची खालची मर्यादा म्हणजे ४, वरची म्हणजे २०, आणि प्रवाह शून्यावर आला तर तार तुटली असे समजायचे. १९८०च्या दशकात हार्ट ही पद्धत आली आणि त्याच दोन तारांवर दुसरे बोलणे सुरू झाले. १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन स्वरांत, सेकंदाला १२०० बिट या गतीने, ट्रान्समीटर आपला टॅग म्हणजे ओळखीचे नाव, आपली रेंज, सेन्सरचे तापमान आणि आपल्या प्रकृतीची खबर सांगू शकतो. या स्वरांची सरासरी शून्य असल्यामुळे मूळ मापाला धक्का लागत नाही. मात्र हे दुसरे बोलणे ऐकायला कंट्रोल रूममध्ये तसे इनपुट कार्ड लागते, आणि आम्ही ज्या कारखान्यांत जात होतो त्यांतल्या बहुतेक ठिकाणी फक्त मिलिअँपिअर वाचणारी कार्डे होती. एकदा दुरुस्तीला आलेल्या ट्रान्समीटरला हे बोलणे वाचणारा हँडहेल्ड कम्युनिकेटर जोडला, तेव्हा ८५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणाऱ्या त्याच्या बोर्डाने त्याहून जास्त तापमान सोसल्याची नोंद आत सापडली. तो वाफेच्या नळीला अगदी लागून बसवलेला होता. उपकरणाने आपले दुखणे नोंदवून ठेवले होते, विचारले असते तर सांगितलेही असते, पण ते कोणाच्याही कानावर गेले नव्हते. आम्ही बोर्ड बदलून दिला, आणि तो ट्रान्समीटर पुन्हा त्याच जागी बसला.

२००५ सालच्या २६ जुलैला सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आमच्या गाळ्यात छातीएवढे पाणी आले. डेड वेट टेस्टर, दोन ऑसिलोस्कोप आणि ग्राहकांचे दुरुस्तीस आलेले ट्रान्समीटर चिखलात गेले. ग्राहकांच्या उपकरणांची भरपाई आम्ही हप्त्याहप्त्याने केली आणि गाळा दुसऱ्या मजल्यावर हलवला. त्याच वर्षाच्या जानेवारीत केंद्र सरकारने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा रेडिओ लहरींचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला होता. नव्या जागेत पुन्हा मांडामांड करताना, केवळ दुरुस्तीवर अवलंबून न राहता स्वतःचे काही तरी बनवायचे, असे आम्ही ठरवले, आणि ते काय असावे याचे उत्तर त्या ट्रान्समीटरने आधीच दिलेले होते : ट्रान्समीटरचे हे दुसरे बोलणे ऐकून बिनतारी मार्गाने कंट्रोल रूमपर्यंत नेणारे उपकरण.

पहिले नमुने आम्ही आमच्याच भाषेत बोलणारे बनवले, म्हणजे इकडे एक खोके, तिकडे एक खोके आणि मधली बोलण्याची पद्धत आमची स्वतःची. ते घेऊन मी एका कारखान्यातल्या ज्येष्ठ इन्स्ट्रुमेंट फोरमनकडे गेलो. सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांनी नमुना हातात घेऊन नीट पाहिला, चालवूनही पाहिला, आणि विचारले, “साहेब, उद्या तुमचा गाळा बंद झाला तर हे खोके कोणाशी बोलणार?” माझ्याकडे उत्तर नव्हते. कारखान्यातले उपकरण पंधरा-वीस वर्षे चालते आणि तेवढा काळ त्याला दुसऱ्या कोणाच्या तरी गेटवेशी, म्हणजे बिनतारी निरोप घेऊन कंट्रोल रूमला देणाऱ्या खोक्याशी, बोलता आले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. २००७ साली वायरलेसहार्ट हे खुले मानक जाहीर झाले आणि २०१०मध्ये त्याला आयईसी ६२५९१ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तेव्हा आमची पद्धत बाजूला ठेवून आम्ही ते मानक स्वीकारले. त्यात आमचे जवळजवळ दोन वर्षांचे काम बाद झाले, तरी तो निर्णय योग्य होता असेच माझे आजही मत आहे.

या मानकात प्रत्येक उपकरणाला बोलण्याची वेळ १० मिलिसेकंदांच्या खणांत वाटून दिलेली असते, दर वेळी चॅनेल बदलते, आणि सरळ वाट बंद असेल तर निरोप शेजारच्या उपकरणामार्फत गेटवेकडे जातो. निरोपावर १२८ बिटांचे एईएस कूटलेखन असते. हे सारे मानकात लिहिलेले आहे आणि रेडिओ मॉड्युल विकत मिळते, त्यामुळे तिथे आमची फारशी कसोटी लागली नाही. खरी कसोटी लागली ती वीज कुठून आणायची या प्रश्नावर.

जुन्या ट्रान्समीटरला जोडायचा अ‍ॅडाप्टर बॅटरीवर चालवला तर बॅटरी बदलायला माणूस पाठवावा लागतो, म्हणून तो लूपच्याच, म्हणजे ट्रान्समीटरच्या त्या दोन तारांतल्याच, विजेवर चालावा, असे आम्ही ठरवले. आता हिशेब असा होता : पुरवठा २४ व्होल्टचा. हार्टसाठी लागणारा २५० ओहमचा रोध २० मिलिअँपिअरला ५ व्होल्ट खातो, सुरक्षिततेसाठी बसवलेला जुना झेनर बॅरियर सुमारे ६ व्होल्ट खातो, आणि उरलेल्या १३ व्होल्टमधले १२ कधी कधी ट्रान्समीटरलाच लागतात. आमच्या वाट्याला १ व्होल्ट येतो. ट्रान्समीटर बिघाडाची सूचना देतो तेव्हा प्रवाह ३.६ मिलिअँपिअरपर्यंत उतरू शकतो, आणि नेमक्या त्याच वेळी आमचा अ‍ॅडाप्टर जिवंत राहायला हवा. म्हणजे हातात उरतात ३.६ मिलिवॉट, तर रेडिओला निरोप पाठवताना लागतात ६०च्या आसपास. सुदैवाने सर्वांत मोठा निरोपसुद्धा सव्वाचार मिलिसेकंदांत संपतो, म्हणून मधल्या काळात थेंबथेंब वीज कपॅसिटरमध्ये साठवायची आणि बोलताना एकदम खर्च करायची, ही वाट होती. ही व्यवस्था हार्टच्या स्वरांना न बिघडवता काम करू लागेपर्यंत भागीदारांनी सर्किटच्या अकरा आवृत्त्या केल्या. रात्री शेवटची लोकल गाठण्यासाठी सोल्डरिंग आयर्न गरम असतानाच उठावे लागे, असे कित्येक महिने गेले.

त्यानंतर तोच कपॅसिटर आड आला. ज्वालाग्राही वायू असलेल्या जागेत बसणाऱ्या उपकरणात ठिणगी पडण्याइतकी ऊर्जा मोकळी होताच कामा नये. कपॅसिटर मोठा असेल तर रेडिओ सुखात राहतो आणि सुरक्षितता धोक्यात येते, लहान असेल तर सुरक्षितता साधते आणि रेडिओ उपाशी राहतो. मोठा कपॅसिटर रेझिनमध्ये पूर्ण बंदिस्त करून त्याच्या वाटेत रोध घालणे हा मार्ग आम्ही काढला. तरीही धनबादच्या केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेत तपासणीसाठी दिलेला पहिला नमुना परत आला, कारण पीसीबीवरच्या दोन ट्रॅकमधले अंतर एका ठिकाणी नियमापेक्षा कमी होते. हरकत अचूक होती आणि त्या निमित्ताने पूर्ण बोर्डच आम्ही नव्याने आखला. दुसरा नमुना उत्तीर्ण झाला, पुढे नागपूरच्या पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटनेची मान्यता आणि दूरसंचार विभागाच्या, बिनतारी उपकरणांचे काम पाहणाऱ्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण मान्यताही मिळाली. या कागदपत्रांना लागणारा वेळ लहान उद्योजकाने पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा, हे मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

एक घटना लिहिल्याशिवाय ही हकिगत प्रामाणिक होणार नाही. रायगड जिल्ह्यातल्या एका रसायन कारखान्यात आमचा अ‍ॅडाप्टर पंपाच्या सक्शनवरील (द्रव आत ओढणाऱ्या बाजूच्या) ट्रान्समीटरला जोडलेला होता. एका पहाटे लूपचा प्रवाह शून्यावर आला, इंटरलॉकने, म्हणजे माप बिघडताच यंत्र आपोआप थांबवणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेने, पंप बंद केला आणि कारखान्याची एक बॅच वाया गेली. अ‍ॅडाप्टर काढून गाळ्यावर आणला आणि भिंगाखाली धरला, तेव्हा लूपचा प्रवाह ज्या डायोडमधून जात होता त्याच्या सोल्डरभोवती केसाएवढी गोल चीर दिसली. पंपाच्या कंपनांनी तो सांधा सुटला होता. जे यंत्र केवळ ऐकण्यासाठी लावले होते, त्यानेच मूळ बोलणे तोडले, याची खंत मला फार दिवस होती. तोवर दिलेले सर्व अ‍ॅडाप्टर आम्ही परत मागवले, आणि एक वाट तुटली तरी प्रवाह दुसरीतून जाईल अशी दुहेरी वाट त्यांत घातली. तेव्हापासून प्रत्येक नग कंपनाच्या टेबलावर तपासतो आणि तपासणीत एक वाट मुद्दाम तोडून पाहतो. त्या कारखान्याचे नुकसान आम्ही आमच्या कुवतीप्रमाणे भरून दिले, आणि त्यांनी पुढची ऑर्डरही आम्हालाच दिली.

प्रत्यक्ष जागेवरचे शिक्षण वेगळेच असते. एका टँक फार्मवर रोज सकाळी दहाच्या सुमारास तीन टाक्यांची मापे थांबत आणि दुपारी आपोआप परत येत. आम्ही गेटवे बदलला, अँटेना बदलली, पण उपयोग झाला नाही. शेवटी आमचा एक तरुण फिटर पूर्ण दिवस तिथे बसून राहिला आणि त्याला दिसले की दहा वाजता माल भरण्यासाठी टँकर येऊन गेटवे आणि टाक्यांच्या मधोमध रांगेने उभे राहतात. लोखंडी भिंतच ती. प्रकाशाच्या खांबावर उंच जागी निरोप पुढे पोहोचवणारा एक रिपीटर लावला आणि निरोप वरून जाऊ लागले. तेव्हापासून नकाशा पाहून गेटवेची जागा ठरवण्याचे आम्ही सोडले. आधी एक पूर्ण कामाचा दिवस जागेवर काढतो.

पावसाळ्याविषयी थोडे. पावसाने सिग्नल जातो अशी समजूत आहे, पण या अंतरांना २.४ गिगाहर्ट्झवर पावसाचा परिणाम नगण्य असतो. त्रास होतो तो ग्लँडमधून आत शिरणाऱ्या पाण्याचा, त्यामुळे केबल ग्लँडपाशी येण्याआधी खाली वळवून घेणे आणि बोर्डावर ओलावा रोखणारे कन्फॉर्मल कोटिंग देणे याबाबत आम्ही तडजोड करत नाही. जिथे लूपच नाही अशा नव्या मापांसाठी आम्ही लिथियम थायोनिल क्लोराइड सेलवर चालणारी उपकरणेही बनवतो. हा सेल बराच काळ पडून राहिला तर आत लिथियमवर थर बसतो आणि पहिल्या वापराला व्होल्टेज खाली जाते, म्हणून बसवण्यापूर्वी त्याला थोडा भार देऊन जागे करावे लागते. २०२१च्या चिप तुटवड्यात रेडिओ मॉड्युलसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागले, तेवढा काळ जुन्या दुरुस्तीच्या कामानेच आम्हाला तारले.

आज गाळे दोन आहेत, आणि जोडणी व तपासणीचे काम पाहणाऱ्या बहुतेक मुली आयटीआयमधून आलेल्या आहेत. ग्राहक अनेकदा विचारतात की पंप बंद करणारा इंटरलॉकही वायरलेसवर घ्यावा का. आम्ही नाही म्हणतो. सुरक्षिततेचा सिग्नल तारेवरच राहावा, आणि जे तारेवर आजवर आलेच नाही ते आमच्या उपकरणाने आणावे, अशी आमची भूमिका आहे, आणि त्यापायी काही ऑर्डर गेल्या तरी ती बदललेली नाही.

दादा आता निवृत्त झाले आहेत. ज्या कारखान्यातून तो बोर्ड जळालेला ट्रान्समीटर आला होता, तिथेही मागच्या हिवाळ्यात आमचे अ‍ॅडाप्टर बसले. त्याच जागेवरच्या आताच्या ट्रान्समीटरच्या बोर्डाचे तापमान दर पंधरा मिनिटांनी कंट्रोल रूममध्ये दिसते. एप्रिलमध्ये ते ७९ अंशांवर गेले, तेव्हा शिफ्ट इंजिनिअरने स्वतः जाऊन पाहिले. वाफेच्या नळीच्या आणि ट्रान्समीटरच्या मधे आता एक पत्रा बसवलेला आहे.