तुम्ही विचारलंत म्हणून: किपचा राग कुठे गेला?

मी 'द इंग्लिश पेशंट' हा सिनेमा दाखवला की नंतरच्या चर्चेत हमखास येतं: कादंबरीतला हिरोशिमा सिनेमाने गाळला, तरी तुम्ही सिनेमाचीच बाजू का घेता?

गाळला, हे खरंच. मायकेल ओंडात्जेच्या 1992 च्या कादंबरीत बॉम्ब निकामी करणारा शीख सॅपर किप अणुबॉम्बची बातमी ऐकतो आणि बंदूक थेट पेशंटवर, म्हणजे इटलीतल्या व्हिलात भाजून मरणाला टेकलेल्या गोऱ्या माणसावर रोखतो. गोऱ्यांच्या देशावर असला बॉम्ब टाकलाच नसता, हे तिथेच राहणाऱ्या काराव्हाज्यो या चोर-हेरालाही पटतं. अँथनी मिंगेलाच्या 1996 च्या सिनेमात किपचा सार्जंट स्फोटात मरतो, किप कोलमडतो आणि पुढे बदली होऊन जातो. बस.

सिनेमा आधीच दोन तास चाळीस मिनिटांचा, हिरोशिमाला त्यात वेळ कमी पडतो, असं मी पूर्वी ठासून सांगायचो. मग एका चर्चेत एक मुलगी उठली. तिचे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढलेले. म्हणाली, "सर, आमच्या घरी त्यांचं एक पत्र नाही. पडद्यावरच्या गोऱ्या माणसाकडे मात्र फोटो, चिठ्ठ्या चिकटवलेला हेरोडोटसचा अख्खा इतिहासग्रंथ. त्याची प्रेयसी कॅथरीन गुहेत मरतानासुद्धा त्यातच लिहिते. आणि आपल्या माणसाच्या हातात काय, तर किपलिंग!" सभागृहात कुणी हललं नाही. मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री झोपही लागली नाही.

पण तो किपलिंगचा प्रसंग पुन्हा बघा. किप पेशंटला या इंग्रज लेखकाची 'किम' ही कादंबरी वाचून दाखवतो, शब्द घशात अडकतात म्हणतो. पेशंट म्हणतो, तू घाईने वाचतोस, सावकाश वाच. मग लाहोरची झमझमा तोफ येते, घराघरातून गोळा केलेल्या भांड्यांतून ओतलेली. पानिपतावर अब्दालीने तीच आपल्यावर डागली होती, म्हणून ते वाक्य मला इतकं लागतं. राग तिथे आहे, स्वच्छ आहे.

मग किप म्हणतो, माझी खरी तक्रार ही की तुम्ही माझं सगळं कंडेन्स्ड मिल्क संपवलंत; आणि त्याच दमात, की कितीही सावकाश वाचलं तरी पुस्तक एकच सांगतं, हिंदुस्थानावर इंग्रजांनीच राज्य करावं. प्रेक्षक दुधावर हसतात. इथे मी अडतो. राग सहन व्हावा म्हणून तो गोड केला, की त्याला गोऱ्या माणसासमोर एवढंच बोलता येतं?

सिनेमा मी पुढेही दाखवणार. आधी कादंबरीतलं 'ऑगस्ट' हे शेवटचं प्रकरण वाचणार. त्या मुलीला तेवढं पुरेल असं मला वाटत नाही.